कायदा सारखा, पण सात वर्षांनी

"पाश्चात्य देशांत कायदा सगळ्यांना सारखाच, मग मुस्लिमांची तक्रार कसली?" असं बरेचदा विचारलं जातं. कायदा आहे, पण तो आपणहून कुणाच्या दारात येत नाही.

२००८ साली अमेरिकेत, ओक्लाहोमातल्या टल्सामध्ये समांथा एलाऊफ ही मुलगी 'अ‍ॅबरक्रॉम्बी अँड फिच' या कपड्यांच्या कंपनीत मुलाखतीला गेली. साधी दुकानातली नोकरी. मुलाखतीत गुण व्यवस्थित पडले, पण डोक्याला स्कार्फ होता आणि कंपनीच्या पेहरावाच्या नियमांत टोपी बसत नव्हती. नोकरी मिळाली नाही. कंपनीचा बचाव ऐका: स्कार्फ धर्मासाठी आहे असं तिने सांगितलंच नव्हतं! (मुलाखत घेणारीने मात्र तो अंदाज वरच्या साहेबाला बोलून दाखवला होता.)

खालच्या कोर्टात २०,००० डॉलर मंजूर झाले, अपिलात निकाल फिरला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ असा तिच्या बाजूने कौल दिला. निकालपत्र लिहिलं न्या. स्कालियांनी, म्हणजे पक्क्या पुराणमतवाद्याने. आधार होता १९६४चा नागरी हक्क कायदा, जो कृष्णवर्णीयांनी रस्त्यावर उतरून मिळवला. खटलाही सरकारी आयोगाने चालवला. एकटीला परवडला असता का, शंकाच आहे.

आणि 'पाश्चात्य' म्हणून सगळ्यांची एकच मोट बांधू नका. बेल्जियममधल्या अशाच प्रकरणात युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं की सर्वच धर्मांच्या दृश्य खुणांवर कंपनीने सरसकट बंदी घातली, तर तो थेट भेदभाव ठरत नाही.