लँडिंगला स्टॉल होऊन आपटले, पुन्हा उडायचं आहे – सल्ला हवा (पॅराग्लायडिंग)

मुलुंडची_अनु
गेल्या हंगामात कामशेतला उतरताना जमिनीपासून दोनेक मजले उंचीवर विंग (पॅराग्लायडरचा कापडी पंख) स्टॉल झाली, म्हणजे वेग फार कमी होऊन तिने हवेत उचलून धरणंच सोडलं, आणि मी पाठीवर आदळले. मणक्याला फ्रॅक्चर. ऑपरेशन टळलं, पण पट्टा बरेच महिने होता. आता डॉक्टरांनी उडायला हरकत नाही म्हटलंय. डोंगरावर उभी राहते, विंग डोक्यावर येते आणि हात थरथरायला लागतात. एकदा कशीबशी उडाले, तर उतरताना भीतीने ब्रेकच (विंगचा वेग कमी करणाऱ्या, हातात धरायच्या दोऱ्या) ओढले नाहीत, वेगात येऊन तोंडावर पडले. घरचे म्हणतात सोडून दे. मला सोडायचं नाहीये. इन्स्ट्रक्टर बदलू, एसआयव्ही कोर्स (हवेत विंग बिघडली तर सावरायचा सराव) करू की मानसोपचार घेऊ?

पश्चिमवारा
अनुताई, आधी बरं वाटलं की तुम्ही चालत्या-फिरत्या आहात.

ब्रेकची भीती बसणं अगदी साहजिक आहे, पण तीच आता धोक्याची आहे. हात पूर्ण वर ठेवून उडालं की विंगमधला दाब हाताला कळत नाही, मग कोलॅप्सची (विंग दुमडण्याची) चाहूलही लागत नाही. जमिनीजवळ वारा मंदावतो. समोरचा वारा अचानक कमी झाला की विंगचा हवेतला वेग घटतो, आणि त्याच वेळी ब्रेक खोल ओढलेले असले तर स्टॉल. म्हणून फायनलला, म्हणजे उतरतानाच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, हात वर पण ब्रेकचा हलका ताण हाताला लागेल इतके, वेग राखून, आणि फ्लेअर (उतरताना ब्रेक पूर्ण ओढणं) अगदी शेवटच्या एक-दोन मीटरवर. हे तुम्हाला तोंडपाठ असणार. हातांना मात्र पुन्हा शिकवावं लागेल, आणि ते जमिनीवरच जमतं.

सपाट मैदान, एकसारखा वारा, सोबत इन्स्ट्रक्टर. विंग डोक्यावर स्थिर करा आणि ब्रेक हळूहळू ओढत जा. एका जागी विंग जड होऊन मागे झुकू लागते. तिथे सोडा. पुन्हा ओढा. स्टॉल नेमका कुठे सुरू होतो ते विंगकडे न बघता सांगता येईपर्यंत करा, कितीही दिवस लागोत. त्यानंतर सरावाची छोटी टेकडी, हिवाळ्यातल्या शांत सकाळी. मार्च-एप्रिलच्या दुपारच्या थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) इतक्यात नको.

एसआयव्ही पाण्यावर, भरपूर उंचीवर, रेडिओवरून सूचना घेत करतात. कोर्स उत्तम आहे, पण थरथरत्या हातांनी त्याला जाऊ नका. भीती घालवायला म्हणून तर नकोच.

इन्स्ट्रक्टरबद्दल एकच कसोटी: तुम्ही ‘आज नको’ म्हटल्यावर तो काय करतो? समजावत बसला, तर बदला.

निशिगंध_ठाणे
मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. टेक-ऑफवर हात कापणं वेगळं. पण झोपेत पुन्हा पुन्हा पडणं, उंच बाल्कनी टाळणं, आदळल्याचा आवाज कानात येणं असं महिनाभराहून जास्त चाललं असेल, तर नुसत्या सरावावर विसंबू नका. ट्रॉमावर काम करणारा थेरपिस्ट शोधा, ईएमडीआर किंवा ट्रॉमा-केंद्रित सीबीटी (दोन्ही ट्रॉमावरच्या उपचारपद्धती) येते का ते फोनवरच विचारा. सुरुवात म्हणून टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि घरच्यांना एकदा मैदानावर घेऊन जा. तुमच्या अपघाताचा फोन त्यांनीही घेतलाय.

खोपोलीकर
हार्नेस (बसायचा पट्ट्यांचा साज) तोच आहे का? असा मार खाल्ल्यावर पाठीचा प्रोटेक्टर तपासल्याशिवाय वापरू नका. लाइन्सची तपासणी आणि रिझर्व्हचं (आणीबाणीच्या पॅराशूटचं) रिपॅकिंगही करून घ्या. विंग ईएन-बी असेल तर काही महिने ईएन-ए वर, म्हणजे सगळ्यांत सोप्या सुरक्षा-श्रेणीच्या विंगवर या, त्यात कमीपणा काही नाही.

मुलुंडची_अनु
बाल्कनीचं अगदी खरं आहे. उद्याच फोन करते. विंग बी आहे, हार्नेस तोच. मध्ये एखादं टँडेम (पायलटसोबत दोघांचं उड्डाण) केलं तर चालेल का?

पश्चिमवारा
जरूर करा, पण मैदानावरचा सराव झाल्यावर. टँडेम पायलटला आधी सगळं सांगा आणि विनंती करा, की फायनलला आल्यापासून स्वतःचे हात कुठे आहेत आणि का, हे त्याने मोठ्याने बोलत राहावं. हार्नेस त्याआधी तपासायला द्या.