म्हाळसा वेर्ण्याहून मार्दोळला गेली, तेव्हा तिथे कोणते पाद्री होते?

वेर्णेकर_पुणे

आमची कुलदेवता मार्दोळची म्हाळसा. मूळ गाव गोव्याच्या साष्टी तालुक्यातलं वेर्णे, एवढंच आजीकडून कळलेलं. सोळाव्या शतकात मूर्ती जुवारी नदीपलीकडे आदिलशाही मुलखात हलवली, हेही माहीत आहे. पण वाचताना पाद्र्यांचे वेगवेगळे संघ भेटतात: कुठे फ्रान्सिस्कन येतात, कुठे जेझुइट, कुठे डॉमिनिकन. वेर्ण्यात नेमके कोण होते आणि त्यांनी गावाचं काय केलं? घरी विषय निघाला की एक काका म्हणतात सगळा जुलूमच, दुसरे म्हणतात शाळा त्यांनीच काढल्या. जाणकारांनी नीट सांगावं.

मडगावचे मास्तर

वेर्णेकर, मी मडगावात इतिहास शिकवायचो, हा प्रश्न वर्गात दरवर्षी यायचा. साष्टी आणि बारदेश पोर्तुगीजांकडे आले १५४३ मध्ये. मग वाटणी झाली: बारदेश फ्रान्सिस्कनांना, साष्टी जेझुइटांना. म्हणजे तुमच्या वेर्ण्यात जेझुइट.

१५६७ मध्ये साष्टीतली देवळं पाडली आणि देवळांच्या नावच्या जमिनींचं उत्पन्न चर्चकडे वळवलं. ही दुसरी गोष्ट लोक विसरतात. त्या जमिनींवर भट, गुरव, भाविणी (देवळाच्या सेवेतल्या बायका), वाजंत्री अशा सगळ्यांचं पोट चालायचं. मंगेश कुठ्ठाळीहून गेला, शांतादुर्गा केळशीहून, आमचा दामोदर मडगावहून. कितीतरी घरांत एक भाऊ देवाबरोबर गेला आणि दुसरा शेतीवाडी राखायला मागे थांबून ख्रिस्ती झाला. तुमचे भाऊबंद आजही वेर्ण्यात असतील, आडनाव वेगळं असेल इतकंच.

कुंकळ्ळीने प्रतिकार केला. जुलै १५८३ मध्ये तिथे पाच जेझुइट मारले गेले. त्यांतला रुडोल्फ आक्वाविवा नुकताच अकबराच्या दरबारातून परतला होता. पुढे गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलणीसाठी बोलावून ठार केलं. कुंकळ्ळीत त्यांचं स्मारक आहे, जरूर जा.

आणि याच साष्टीत, याच जेझुइट संघात थॉमस स्टीफन्स होता. १५७९ मध्ये गोव्यात आलेला इंग्रज. त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापलं, जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्या, तेही रोमी लिपीत, कारण छपाईचे देवनागरी खिळे नव्हते. त्या ग्रंथात नवख्रिस्ती ब्राह्मण त्याला विचारतो, आमची पुराणं बंद केलीत तर त्या जागी आम्हाला दुसरं का देत नाही? पोथ्या गेल्या तरी ऐकण्याची भूक गेली नव्हती. त्या भुकेतून हा ग्रंथ आला, आणि भूक कोणी लादली हेही त्यातच लिहिलेलं आहे. मला हे पुस्तक प्राणापलीकडे प्रिय आहे. त्यासाठी १५६७ विसरायची माझी तयारी नाही.

शाळांचं म्हणाल, तर चर्चच्या शाळेत मेस्त, म्हणजे संगीत शिकवणारा मास्तर, पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवायचा. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस याच परंपरेतले. त्यांनी प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन यांना शिकवलं.

म्हापसेकरीण

मास्तर, बारदेशाचंही थोडं. आमच्याकडच्या फ्रान्सिस्कनांना लोकभाषा शिकायचा कंटाळा होता असं सर्रास म्हणतात, आणि १६८४ चा कोकणीवर बंदी घालणारा हुकूमही त्यांच्याच आग्रहाने निघाला. पण गास्पार द साँ मिगेल हाही फ्रान्सिस्कनच, आणि त्याने कोकणीचं व्याकरण लिहिलं. संघावरून माणूस ठरवू नये.

वसईची लेक

आमच्याकडे दोन्ही संघ होते. फ्रान्सिस्कनांनी बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्याचंच चर्च केलं. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया त्यांच्यातच ब्रदर झाला आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेला. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर पोर्तुगीज पाद्री निघून गेले. पण आम्ही राहिलो, धर्म राखला, गोव्याचे देशी पाद्री येऊ लागले, आणि आमची सामवेदी बोली अजून घराघरात आहे. गोव्याच्या साष्टीत भाषेवर जी कुऱ्हाड आली ती इथे आली नाही, त्यात १७३९ चा मोठा वाटा आहे असं मला मनापासून वाटतं.

वेर्णेकर_पुणे

मास्तर, भाऊबंद शोधायचे तर कुठून सुरुवात करू?

मडगावचे मास्तर

वेर्ण्याच्या कोमुनिदादपासून, म्हणजे गावकारांच्या सामाईक जमिनीच्या संस्थेपासून. गावकारांच्या वांगडांची, म्हणजे कुळांची, नावं तिथे मिळतील. मग पणजीचं पुराभिलेखागार. जुने कागद पोर्तुगीजमध्ये आहेत, वाचणारं कुणी बरोबर असू द्या. मडगावात उतरलात तर मला निरोप पाठवा, मी येतो.