प्रति: जुन्या गल्ल्यांचं सुशोभीकरण
सगळ्या जुन्या गल्ल्यांना पेव्हर ब्लॉक आणि एकच रंग द्यावा, हे इथे कुणीतरी मांडलेलं मत मला अजिबात पटत नाही. सातारा जिल्ह्यातलं आमचं वाई गावच बघा. गंगापुरी, मधली आळी, धर्मपुरी, रामडोह आळी अशा आळ्या घाटाच्या पायऱ्यांवरून कृष्णेत उतरतात. कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सवसुद्धा एकेका घाटावर, पाळीपाळीनं होतो. वाड्याचं काळं दगडी जोतं, त्यावर पोपडे धरलेली मातीची भिंत, दिंडी दरवाजाशी टेकवलेली सायकल, ओट्यावर वाळणाऱ्या कुरडया. (उन्हाळ्यात तो वास बोळभर असतो!) ओला वारा लागला की नदी जवळ आली हे डोळे मिटूनही कळतं. गटारं जरूर दुरुस्त करा, दिवे लावा. पण त्या जोत्यांवर टाइल्स चिकटवू नका.