शब्दचर्चा : ‘हृदयाचं ऐका’ की ‘मनाला विचारा’?

प्रश्न

नमस्कार. आमच्या वाचनालयातर्फे दहावी-बारावीच्या मुलांसाठी एक छोटी पुस्तिका काढतोय. पुढे काय करायचं हे ठरवताना हाताशी असावी, एवढाच हेतू. मूळ मजकूर इंग्रजी आहे, मराठी मी करतेय. त्यात एकच वाक्य पाचसहा ठिकाणी फिरून फिरून येतं. मी आधी ‘आपल्या हृदयाचं ऐका’ असं लिहिलं. सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, “म्हणजे नक्की काय करायचं गं मुलांनी?” मला सांगता येईना. मग ‘अंतर्मनाचा आवाज’ करून पाहिलं, ‘अंतःकरणाची हाक’ करून पाहिलं. दोन्ही व्यासपीठावरची वाटतात. आई स्वयंपाकघरात मुलाशी बोलताना वापरेल असं वाक्य हवंय. हृदय, मन, अंतःकरण, अंतर्मन, अंतरात्मा यांतला नेमका कोणता शब्द घ्यावा?

उत्तर

ताई, तुमच्या सासूबाईंनी बरोबर जागी बोट ठेवलं. मला वाटतं, अडचण ‘हृदय’पेक्षा ‘ऐका’ या क्रियापदात जास्त आहे.

आधी हृदय. रोजच्या बोलण्यात ते दवाखान्यात भेटतं नाहीतर कवितेत. एरवी आपण काळीज म्हणतो. ते धडधडतं, त्याचं पाणी होतं, लेक काळजाचा तुकडा असते. भीती, माया, दुःख ही सगळी काळजाची खाती, पण सायन्स घ्यावं की कॉमर्स हे कुणी काळजाला विचारत नाही. ‘दिल’ आपल्याकडे आलं ते दिलदार, दिलासा, दिलगीर असं दुसऱ्याचा हात धरून. एकटं आलं की हिंदी गाणं वाटतं. ‘अंतर्मन’ मानसशास्त्राच्या पुस्तकांतून रुळलेला शब्द, जाणिवेच्या खाली दडलेल्या मनासाठी. तिथे तो चांगला आहे. स्वयंपाकघरात मात्र नाही चालायचा.

ठरवण्याचं काम मराठीने मनावर सोपवलंय. आणि हे मन काय काय करतं बघा: ते घेतं, धजतं, रमतं, जडतं, लागतं, खातं. आपण मनावर घेतो, मनात आणतो, मनाची तयारी करतो, मनाला विचारतो. ‘माझं मन मला सांगतंय’ असंही म्हणतो, पण ते बहुतेक वेळा पुढे काहीतरी वाईट होणार असं वाटतं तेव्हा. एरवी मराठी मन गप्प असतं. त्याला विचारावं लागतं, आणि त्याचं उत्तर आपल्या हातापायांत उमटतं. पाऊल उचलत नाही, हात पुढे होत नाही, घास उतरत नाही.

माझं लक्ष सगळ्यात जास्त वेधतात ती नकाराची रूपं. मन घेईना, मन धजेना, मन लागेना, मनाला पटेना. नकार चटकन कळतो, एका झटक्यात. होकाराची क्रियापदं मात्र सावकाश चालणारी आहेत. मन रमायला दिवस जातात, जडायला महिने. एका दिवसात ‘मन रमलं’ असं कुणी म्हणत नाही.

हे मी स्वतःवरून सांगतोय. १९८४ साली बारावीनंतर इंजिनिअरिंगचा फॉर्म समोर होता. वडिलांची सही झाली होती, माझी राहिली होती. पेन टेकवलं आणि सहीच्या रेघेवर शाईचा ठिपका मोठा मोठा होत गेला, पण हात काही हलेना. आत्या शेजारी घेवडा निवडत बसली होती. ती म्हणाली, “मन घेत नसेल तर राहू दे. काय घेत नाही ते तर कळलं. आता काय घेतंय ते सांग.” मला दोन वर्षं सांगता आलं नाही. बी.एस्सी.ला नाव घातलं, आणि सुट्टीत गावातल्या एका छापखान्यात प्रुफं वाचायला जाऊ लागलो. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, कीर्तनाची हस्तपत्रकं. कंपोझिटर मामांनी छपाईच्या अक्षरांचे खिळे उलटे वाचायला शिकवलं. ‘चि. सौ. कां.’मधला अनुस्वार गळलेला दिसला की माझा डबा तसाच बाजूला राहायचा. दिवस कलला तरी उठावंसं वाटायचं नाही. आत्याच्या प्रश्नाचं उत्तर ते होतं, आणि त्यात आवाज असा कुठेच नव्हता. पुढे आयुष्यभर मुद्रितशोधनच केलं.

आता म्हण घ्या. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे.’ हिचा पहिला अर्धा भाग लोक गिळून टाकतात आणि ‘कुणाचं काही ऐकू नकोस’ असा अर्थ काढतात. म्हणीत ‘ऐकावे’ हा आदेश आहे, ‘करावे’च्या तोडीचा. जनाचं पुरतं ऐकून घेतल्यावर मग मनाचं करायची पाळी येते. आणि इथेही कानांचं काम जनासाठीच ठेवलंय, मनाच्या वाट्याला थेट करणी आली. म्हणून ‘हृदयाचं ऐका’ मराठी कानाला उपरं वाटतं. ‘मनाला विचार’ हे मात्र आपल्याकडची कुठलीही आजी म्हणेल.

प्रतिसाद

दादा, सिंधुदुर्गातून एक शब्द देतो: कौल. आमच्याकडे मोठं काही ठरवायचं तर देवाला कौल लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवायचे आणि उजवीकडचं आधी पडतं की डावीकडचं ते बघायचं. गोव्यात याला प्रसाद घेणं म्हणतात. मी आखातात नोकरीला जायचं की घरची काजूची बाग बघायची या पेचात होतो, तेव्हा आईने मला देवळात नेलं. मी गाऱ्हाण्यात सगळंच सांगायला लागलो: पगार, बहिणीचं लग्न, बागेतलं फुटलेलं कुंपण. गुरवकाकांनी थांबवलं. म्हणाले, “एका वेळी एकच विचार, आणि हो-नाही उत्तर येईल असं विचार.” मला तो प्रश्न जुळवायला पाऊण तास लागला. पाकळी कुठली पडली हे इथे सांगत नाही, पण आयुष्यात पहिल्यांदा नेमका प्रश्न तिथे विचारला. ‘मनाचा कौल घ्या’ असं पुस्तिकेत चालेल का?

उत्तर

चालेल, आणि फार छान चालेल. कौल हा अरबी शब्द, फारसीतून आपल्याकडे आला. मूळ अर्थ बोल, वचन. रयतेला सरकार अभयाचा किंवा सवलतीचा जो लेखी शब्द देई, तो कौल, त्याचा कागद म्हणजे कौलनामा. देवाचा कौल हाही देवाने दिलेला शब्दच. वर्तमानपत्रं निवडणुकीनंतर ‘जनतेचा कौल’ म्हणतात तेही याच घरातलं. छपरावरचं कौल मात्र वेगळं.

तुमच्या गुरवकाकांचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. मुलं ‘मी काय करू?’ असं विचारतात, आणि त्या प्रश्नाला मन उत्तर देऊ शकत नाही. ‘रोज सहा तास रोग्यांमध्ये राहायला मला आवडेल का?’ याला देऊ शकतं.

कौलाशेजारीच ‘कल’ ठेवा, पण मिसळू नका. कल म्हणजे झुकाव. तराजूचा असतो, झाडाचा असतो, आजारी माणसाच्या कलाने घ्यावं लागतं. दिवस कलतो तोही झुकूनच. कल आपोआप असतो, कौल मागावा लागतो. २०१६ मध्ये राज्यात दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू झाली तेव्हा हा शब्द घरोघरी पोचला. नाव नेमकं होतं: त्या चाचणीत झुकाव दिसायचा. कौल ज्याचा त्यानेच घ्यायचा.

प्रतिसाद

आणि ‘आतला आवाज’? तो तर सर्रास वापरतात की.

उत्तर

वापरतात, आणि त्याला इतिहासही आहे. गांधीजींनी १९३३ साली पुण्यात येरवड्याच्या तुरुंगात २१ दिवसांचं उपोषण करायचं ठरवलं, ते आतल्या आवाजाने सांगितलं म्हणून, असं त्यांनी स्वतः म्हटलंय. त्यांच्या बाबतीत तो शब्द अक्षरशः खरा होता, आवाज ऐकू आला असंच त्यांचं म्हणणं. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत इंदिरा गांधींनी सदसद्विवेकाला स्मरून मत द्यायला सांगितलं आणि व्ही. व्ही. गिरी निवडून आले. २००४ मध्ये सोनिया गांधींनी पंतप्रधानपद नाकारताना आतल्या आवाजाचाच उल्लेख केला. म्हणजे या शब्दाला मोठ्या नैतिक पेचाचा वास आहे. बरोबर काय, चूक काय, तिथे तो शोभतो. बारावीनंतर फार्मसी घ्यावी की शेतीचा डिप्लोमा, यात चूक-बरोबर असं काही नाही. तिथे मुलाला ‘आतला आवाज ऐक’ म्हटलं तर बिचारं कान लावून बसेल आणि काही ऐकू आलं नाही म्हणून आपल्यातच काहीतरी कमी आहे असं समजेल. मला ही भीती खरोखर वाटते. माझ्या माहितीतली दोन मुलं अशी खचलेली आहेत.

‘अंतःकरण’ थोडं वेगळं. करण म्हणजे साधन, आतलं साधन ते अंतःकरण. वेदान्तात मन, बुद्धी, चित्त, अहंकार अशी त्याची चार अंगं धरतात. आज मराठीत तो शब्द बहुतेक दयामायेपुरता उरलाय, ‘अंतःकरण भरून आलं’ वगैरे. पण संस्कृतात तो निर्णय घ्यायचा. कालिदासाचा दुष्यंत शकुंतलेला पाहून म्हणतो, ‘सतां हि संदेहपदेषु वस्तुषु प्रमाणमन्तःकरणप्रवृत्तयः’. संशय असेल तिथे सज्जनांच्या अंतःकरणाचा ओढा हेच प्रमाण. सुभाषितांत हे वाक्य फार मिरवतं, पण नाटकातली जागा विसरू नये. राजाला ती आधीच हवी आहे आणि तो स्वतःच्या इच्छेलाच पुरावा करतोय. ‘सतां हि’ ही अट कालिदासाने उगीच घातलेली नाही.

प्रतिसाद

मी जळगावकडची. आमच्या बहिणाबाईंनी तर मनाला ‘वढाय’ म्हटलंय, उभ्या पिकातलं ढोर, कितीही हाकला पुन्हा पिकात शिरणारं. अशा मनाला विचारून आयुष्य ठरवायचं?

उत्तर

ताई, हीच खरी अडचण, आणि तुमच्याच शब्दात तिचा उलगडा आहे. वढाय म्हणजे ओढाळ. ओढ, ओढा, ओढाळ, तिन्ही ‘ओढणे’च्या गोतातले. ओढाळ ढोर हिरवं दिसेल तिकडे धावतं, आज ज्वारीत, उद्या हरभऱ्यात. मनाचा ओढा म्हणतो तेव्हा मला पाण्याचा ओढाच दिसतो. उन्हाळ्यात आटतो, पण पावसाळ्यात त्याच वाटेने वाहतो. मुलाला आज क्रिकेट, उद्या व्हिडिओ, परवा परदेश, हे ढोर. चौथीत घड्याळ उघडून बसलेला आणि अकरावीतही मिक्सर उघडून बसलेला, हा ओढा.

मराठीत याच्या पायऱ्या आहेत. हुक्की येते, लहर येते, नाद लागतो, छंद जडतो, ध्यास घेतो. हुक्की आणि लहर आपोआप येतात-जातात. ध्यास मात्र आपण ‘घेतो’. आणि सगळ्यांच्या खाली ‘पिंड’. ‘त्याचा पिंडच शिक्षकाचा’ किंवा ‘हाडाचा शिक्षक’. आपली भाषा माणसाचं काम हाडात शोधते, ही गोष्ट मला दर वेळी हलवून जाते. हाड दिसत नाही, पण सगळा भार तेच पेलतं.

तुकोबांनी याहून पुढचं सांगितलंय. ज्या अभंगात ते स्वतःची हकीकत सांगतात त्यात आईवडील गेले, दुष्काळात बायको अन्न अन्न करत गेली, ‘वेवसाय’ तुटीत गेला, हे सगळं येतं. मग मोडकं देऊळ दुरुस्त करावं असं ‘चित्तासी’ आलं, असं ते म्हणतात. आणि त्याच अभंगात ती ओळ: ‘सत्य असत्याशी मन केले ग्वाही । मानियेले नाही बहुमता ॥’ ग्वाही फारसीतून आलेला, साक्ष या अर्थाचा. आज आपण ‘ग्वाही दिली’ म्हणजे आश्वासन दिलं असं समजतो. तुकोबांचं मन इथे साक्षीदार आहे. साक्षीदार आपण होऊन आरोळ्या देत नाही, त्याला उभं करून विचारावं लागतं, आणि त्याने खोटं बोलू नये म्हणून जपावं लागतं. बहिणाबाईंचं ढोर आणि तुकोबांचा साक्षीदार, मन तेच. त्याला साक्षीला उभं करणं हे आपलं काम.

जाता जाता ‘व्यवसाय’. आज धंदा किंवा पेशा, तुकोबांच्या वेळीही तसाच. पण गीतेत ‘व्यवसायात्मिका बुद्धिः’ येते तिथे व्यवसाय म्हणजे निश्चय. पोट भरायच्या कामाला आपण जे नाव दिलं, ते मुळात मनाशी ठरवून टाकण्याचं नाव होतं. मला हा शब्द कळला तेव्हा मी चाळिशीत होतो. सोळाव्या वर्षी कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं. पुस्तिकेत एका ओळीत घालता आला तर घाला.

प्रश्नकर्तीकडून

सगळ्यांचे आभार. ‘हृदय’ सगळीकडून काढलं. व्यवसायाची ओळ पहिल्याच पानावर घेतली, आणि गुरवकाकांचं वाक्य त्यांचं नाव-गाव न देता चौकटीत टाकतेय. मुख्य मजकूर सध्या असा आहे:

‘कशात मन रमलं आणि कुठे मन घेईना, ते महिनाभर एका वहीत लिही. घरच्यांचं, शिक्षकांचं पूर्ण ऐकून घे. मग वही उघड, एका वेळी एकच प्रश्न काढ आणि मनाला विचार.’

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, “महिना कमी पडेल. मन लगेच बोलत नाही.” दोन महिने केलेत.