वॉशर कुणाचा, पाइप कुणाचा

भाड्याच्या घरात 'जो वापरतो त्यानेच छोटी दुरुस्ती करावी' असं म्हणतात; नळाचा वॉशर, बल्ब यांपुरतं ते मान्य. पण रक्कम छोटी म्हणून खर्च भाडेकरूचा, हे काही पटत नाही. बिघाड कशामुळे झाला ते बघायला हवं. आमच्या सिंकखालचा पाइप थेंब थेंब गळायचा. मी म्हणायचो मालकांनी करावं, ते म्हणायचे तुम्ही करा. या घोळात महिना गेला आणि खालची प्लायवूडची फळी टम्म फुगली. प्लंबरने जोड उघडला तर आतलं रबर जुनं होऊन कडक झालेलं, बोट लावलं की तुकडे! म्हणजे बिघाडात माझा हात नव्हता, पण एवढे दिवस खाली साधी बादलीही ठेवली नाही हे माझंच चुकलं. शेवटी पाइपचे पैसे मालकांनी दिले, फळीचे मी. आता काही गळताना दिसलं की त्याच दिवशी फोटो पाठवतो, पैशांचं नंतर बोलतो.