म्हापशातली सिटी आणि टर्बोचं खूळ (सोसायटीचा ग्रुप)

बी-२०४: कुणाला जुन्या होंडा सिटीतलं कळतं का? म्हापशात एक बघून आलो. २००७ची झेडएक्स, डिकीवर 'व्हीटेक' लिहिलंय. बायकोचं माहेर बेळगावचं, चोर्ला घाटात ट्रकमागून सुटायला जरा दम हवा. पुढे टर्बो बसवायचाही विचार आहे.

ए-१०१ (काका): टर्बोचं राहू दे. बॉनेट उघडलंस?

बी-२०४: हो काका, आतून एकदम चकाचक.

ए-१०१ (काका): असणारच, विकायच्या आदल्या दिवशी धुतात. स्पार्क प्लग मोजलेस?

बी-२०४: प्लग कशाला? आरसीवर १४९७ सीसी आहे ना.

ए-१०१ (काका): तिथेच माणूस फसतो. २००३ ते २००८च्या त्या सिटीत पेट्रोलची दोन इंजिनं आली आणि दोन्ही १४९७ सीसीच. एक आय-डीएसआय, ताकद ७७ बीएचपी. दुसरं व्हीटेक, १०० बीएचपी. आय-डीएसआयला दर सिलिंडरला दोन प्लग, म्हणजे एकूण ८: चार रेडिएटरकडे, चार मागे काचेकडे. व्हीटेकला चारच. टॉर्च घेऊन इंजिनाच्या मागे डोकाव. तिथे प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या कॉइलची दुसरी रांग दिसली की समज, ही आय-डीएसआय, डिकीवरची अक्षरं बाजारातून आणून चिकटवलीत.

सी-३०३: 😂 माझी आय-डीएसआयच होती. मेकॅनिक पुढचे चार प्लग बदलायचा आणि बिल आठांचं लावायचा. मागे हात जात नाही ना! मला कळायला तीन वर्षं लागली.

बी-२०४: बरं, समजा आय-डीएसआयच निघाली. टर्बो लावला की शंभर बीएचपीच्या वर जाईल की! ओळखीचा एक गॅरेजवाला किट बसवून देतो म्हणतोय.

ए-१०१ (काका): किट म्हणजे काय मिक्सरचं भांडं आहे, लावलं की फिरलं? टर्बो धुराच्या जोरावर मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्यांनी फिरतो. त्याला इंजिनातलं तेल पोचवायला आणि परत आणायला लाइन हवी. ०.४ बार दाब दिलास तर सिलिंडरमध्ये साधारण ४० टक्के जास्त हवा कोंबली जाते. तेवढं पेट्रोल द्यायला मोठे इंजेक्टर, ईसीयूची (इंजिनाच्या कॉम्प्युटरची) नवी ट्यूनिंग, हवा थंड करायला इंटरकूलर. त्यात या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे हवा-पेट्रोल किती पट दाबलं जातं ते, मुळातच दहाच्या वर. आणखी दाब टाकलास की पेट्रोल वेळेआधी पेटतं, इंजिन खडखडतं आणि एक दिवस पिस्टन जातो. मग क्लच, मग ब्रेक. आणि हे सगळं कशावर? अठरा-एकोणीस वर्षांच्या गाडीवर!

ए-२०२: शिवाय कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात परस्पर फेरफार चालत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. अपघात झाला तर विमावाला सगळ्यात आधी बॉनेट उघडेल.

सी-३०३: दम हवाय तर कंपनीचाच टर्बो घे रे. जुनी पोलो जीटी टीएसआय बघ.

ए-१०१ (काका): बघ, पण तिथेही डोळे उघडे ठेव. साध्या पोलोचं बिनटर्बोचं १.२ एमपीआय इंजिन तीन सिलिंडरचं, ११९८ सीसी, ७५ पीएस. टर्बोवालं टीएसआय चार सिलिंडरचं, ११९७ सीसी, १०५ पीएस. आरसीवर फरक फक्त एका सीसीचा! आणि 'जीटी' डिझेललाही होतं, त्यामुळे नुसत्या जीटीवर जाऊ नकोस. उलट बलेनो आरएस घे, साध्या बलेनोची ११९७ सीसी आणि तिची ९९८. कमी सीसी आणि ताकद जास्त, बूस्टरजेट टर्बोमुळे. ती मात्र आरसीवरच ओळखता येते.

सेक्रेटरी: चर्चा छान आहे, पण बी-२०४, तुमची स्कूटर अजून व्हिजिटर पार्किंगमध्ये आहे.

बी-२०४: काढतो हो. काका, रविवारी सकाळी येणार का माझ्याबरोबर?

ए-१०१ (काका): येतो. नऊला निघू, नाश्ता म्हापशातच. आणि गाडी खालूनही बघू, समुद्राकाठी राहिलेली असेल तर गंजाने पत्रा पापडासारखा झालेला असतो.

(रविवार)

बी-२०४: 📷 मागची रांग. चार कॉइल.

सी-३०३: म्हणजे आठ!

बी-२०४: मालकाला विचारलं, "यात व्हीटेक कुठे आहे?" म्हणतो, "मागे लिहिलंय न्हय!"