ग्लॅमरचं कूळ व्याकरणाचं

ग्लॅमर हा शब्द सिनेमावाल्यांनी काढला, असं कुणी कुणी म्हणतं. तो त्याहून बराच जुना. स्कॉटलंडात ‘ग्रामर’चा उच्चार बदलून 18व्या शतकात ‘ग्लॅमर’ झाला. अर्थ नजरबंदी, डोळ्यांवर घातलेली भूल. ग्रामर म्हणजे तेव्हा लॅटिनची विद्या, आणि अडाण्यांच्या लेखी पोथी वाचणारा तो मांत्रिकच! स्कॉटिश लेखक वॉल्टर स्कॉटने पुढे शब्द रूढ केला.

आम्हां गोंयकारांना जवळचा असाच शब्द म्हणजे पोर्तुगीज ‘फेइतीसु’, जादूटोणा. इंग्रजीतलं ‘फेटिश’, म्हणजे जादुई शक्ती असल्याचं मानलेली वस्तू, फ्रेंचमार्गे त्यावरूनच आलं. मूळ लॅटिन अर्थ मात्र साधासुधा: हातानं घडवलेलं. आमच्या फोंड्याकडे पोराची दिश्ट काढून मिरच्या विस्तवावर टाकतात. ठसका लागला नाही तर नजर जबर! पाद्रींनी तेही फेइतीसुच म्हटलं असतं.